हवानाचा डिसेंबर : एका महोत्सवाने घडवलेला प्रेक्षक

हवानाच्या वेदादो भागातून तेविसाव्या क्रमांकाचा रस्ता समुद्राच्या दिशेने उतरत जातो. या एका रस्त्यावर चार्ली चॅप्लिनच्या नावाचे चित्रपटगृह आहे, त्याच्या जवळच बाराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर दुसरे, पुढे रिव्हिएरा, मग कोपेलिया या प्रसिद्ध आइस्क्रीमच्या बागेसमोरचे यारा आणि अगदी उताराला ला राम्पा. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात या सगळ्या दारांशी रांगा लागतात. क्युबात रांगेत येणारा माणूस आधी ‘शेवटचे कोण?’ असे विचारतो, कोणी हात वर केला की त्याच्या मागचा क्रमांक आपला असे धरून चालतो आणि मग हवे तिथे सावलीत जाऊन उभा राहतो. रेशनचा तांदूळ घेतानाची ही पद्धत चित्रपट महोत्सवातही तशीच वापरली जाते. फरक इतकाच की इथे वाट पाहताना आदल्या दिवशीच्या बोलिव्हियन किंवा अर्जेंटिनी चित्रपटाचा शेवट पटला की नाही, यावर वाद चाललेले असतात.

‘नव्या लॅटिन अमेरिकन चित्रपटाचा आंतरराष्ट्रीय महोत्सव’ हे या सोहळ्याचे अधिकृत नाव असून तो १९७९ पासून भरतो आहे. एखाद्या महोत्सवाने देशाची चित्रपटसंस्कृती समृद्ध केली, असे म्हणायला फारसे कष्ट पडत नाहीत. नेमके काय वाढले हे दाखवायचे म्हटले की मात्र अडचण येते. निर्मितीचे आकडे काढले तर महोत्सवाच्या काळात क्युबाच्या चित्रपटांची संख्या वाढली त्याहून अधिक घटलेली दिसेल. परदेशी पाहुण्यांची यादी हा तर निकष होऊच शकत नाही. माझ्या मते हवानाच्या प्रकरणात शोधायची गोष्ट पडद्यासमोर बसलेली आहे. या महोत्सवाने एक प्रेक्षक घडवला, आणि पुढे तो प्रेक्षक महोत्सवाच्या मालकाला, म्हणजे सरकारी चित्रपटसंस्थेला, पेलेनासा झाला.

आधीची वीस वर्षे

फिदेल कास्त्रो यांची क्रांती सत्तेवर आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २४ मार्च १९५९ रोजी, नव्या सरकारने चित्रपटासाठी स्वतंत्र संस्था उभारणारा कायदा केला. सांस्कृतिक क्षेत्रातला हा त्या सरकारचा पहिला कायदा होता आणि चित्रपट ही कला आहे, हे त्याच्या प्रास्ताविकाचे पहिलेच विधान होते. इकाइक या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेचे प्रमुखपद आल्फ्रेडो गेवारा यांच्याकडे आले. त्यांच्याबरोबर तोमास गुतिएरेस आलेया आणि हुलिओ गार्सिया एस्पिनोसा हे दोन दिग्दर्शक होते, ज्यांनी १९५५ मध्ये कोळसा पाडणाऱ्या कामगारांवर केलेला लघुपट क्रांतीआधीचा हुकूमशहा बातिस्ता याच्या पोलिसांनी जप्त केला होता.

क्युबाचा माणूस तोवर चित्रपट पाहत नव्हता असे मुळीच नाही. हवाना हे चित्रपटगृहांनी भरलेले शहर होते आणि हॉलिवूडचे तसेच मेक्सिकोचे चित्रपट तिथे सतत लागत. मात्र हा सारा व्यवहार प्रामुख्याने शहरांचा होता. डोंगराळ भागातील खेड्यांत पडदा पोचला तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेल्या फिरत्या चित्रपटगाड्यांमुळे. ओक्तावियो कोर्तासार यांनी १९६७ मध्ये केलेल्या एका छोट्या माहितीपटात पूर्वेकडच्या डोंगरातले गावकरी आयुष्यात पहिल्यांदा चित्रपट बघताना दिसतात. पडद्यावर चॅप्लिन आहे, आणि कॅमेरा बहुतेक वेळ पाहणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर रेंगाळतो. क्युबाच्या चित्रपटव्यवहाराचा पुढचा सारा कल या नजरेतच दिसतो, असे मला वाटते.

अमेरिकी निर्बंधांनंतर हॉलिवूडचा नवा माल थांबला. त्याची जागा सोव्हिएत, पोलिश, इटालियन आणि जपानी चित्रपटांनी घेतली; झातोइची हा आंधळा तलवारबाज क्युबात घरोघरी माहीत झाला. इकाइकची स्वतःची निर्मितीही त्या काळात भरात होती. आलेया आणि उंबेर्तो सोलास यांचे आजही अभ्यासले जाणारे चित्रपट १९६८ या एकाच वर्षातले आहेत, सांतियागो आल्वारेस यांची साप्ताहिक वृत्तचित्रे नियमाने येत होती, आणि मुनियोस बाक्स, रोस्तगार्द, अस्कुय यांच्यासारखे चित्रकार प्रत्येक चित्रपटासाठी रेशमी जाळीतून छापलेली नवी भित्तिपत्रके काढत होते. कागद आणि रंग यांची टंचाई होती. त्यामुळे मोजक्या रंगांत आणि मोठ्या मोकळ्या जागेत काम भागवण्याची जी शैली जन्माला आली, ती टंचाई सरल्यावरही टिकली.

एक उणीव मात्र मोठी होती. ब्राझीलमध्ये, अर्जेंटिनात, चिलीत, बोलिव्हियात काय घडते आहे हे क्युबाच्या प्रेक्षकाला कळत नव्हते, आणि खुद्द त्या देशांतल्या दिग्दर्शकांनाही एकमेकांचे काम पाहायला मिळत नव्हते. चिलीतल्या विन्या देल मार येथे १९६७ मध्ये ही मंडळी प्रथम मोठ्या संख्येने एकत्र आली आणि १९६९ मध्ये पुन्हा भेटली. सप्टेंबर १९७३च्या लष्करी उठावाने तो रस्ता बंद झाला. अर्जेंटिनातही १९७६ मध्ये लष्कर आले. दिग्दर्शक परागंदा झाले, काही बेपत्ता झाले. पात्रिसियो गुस्मान यांनी चिलीच्या अखेरच्या लोकशाही वर्षाचे केलेले चित्रीकरण देशाबाहेर गुपचूप काढावे लागले आणि त्याचे संकलन हवानात, इकाइकच्या मदतीने पुरे झाले. महोत्सवाची कल्पना यजमानाच्या हौसेतून निघाली असे म्हणता येत नाही. बेघर झालेल्या एका चळवळीला छप्पर हवे होते आणि हवानाकडे ते होते.

१९७९

पहिला महोत्सव डिसेंबर १९७९ मध्ये भरला. पास्तोर वेगा हे त्याचे पहिले संचालक होते. कथापटांच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांच्याकडे होते आणि माहितीपटांच्या मंडळाचे सांतियागो आल्वारेस यांच्याकडे. पुरस्काराला कोराल, म्हणजे पोवळे, असे नाव दिले गेले. कथापटाचा पहिला मोठा कोराल विभागून गेला : ब्राझीलच्या जेराल्दो सार्नो यांना आणि क्युबाच्या सर्जिओ हिराल यांना. हिराल यांचा चित्रपट पळून जाऊन डोंगरात वस्ती करणाऱ्या आफ्रिकी गुलामांविषयी होता. क्युबा हे लॅटिन अमेरिकेइतकेच कॅरिबियन बेट आहे, उसाच्या मळ्यांचा आणि गुलामगिरीचा इतिहास त्याला जमैका, हैती यांच्याशी जोडतो, हे पहिल्याच वर्षी पडद्यावर आले ही नोंद महत्त्वाची आहे. कारण पुढे महोत्सवाचे लक्ष स्पॅनिश आणि पोर्तुगीज बोलणाऱ्या मुख्य भूमीकडेच अधिक राहिले. इंग्रजी, फ्रेंच आणि क्रिओल बोलणाऱ्या शेजारी बेटांचे चित्रपट तिथे पाहुण्यासारखे आले. ही उणीव भरून काढण्याचा गंभीर प्रयत्न दिग्दर्शक रिगोबेर्तो लोपेस यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात सुरू केलेल्या कॅरिबियन चित्रपटांच्या फिरत्या प्रदर्शनाने केला, आणि तो महोत्सवाच्या चौकटीबाहेरचा होता.

महोत्सवाची रचना मात्र मुळापासून विचार करून केलेली होती. स्पर्धेबरोबर चित्रपटांच्या खरेदी-विक्रीचा बाजार ठेवला गेला. पहिल्या चित्रपटांसाठी वेगळा कोराल आला, भित्तिपत्रकांची स्पर्धा आली, अद्याप चित्रित न झालेल्या पटकथांनाही पारितोषिके मिळू लागली. पाहुण्यांचा मुक्काम आणि चर्चा हॉटेल नासिओनालमध्ये असत, तर चित्रपट शहरभरच्या साध्या चित्रपटगृहांत लागत. ही विभागणी वरकरणी किरकोळ आहे. पण तिचा परिणाम असा झाला की मेक्सिकोहून आलेला दिग्दर्शक स्वतःच्या चित्रपटाच्या खेळाला गेला, की त्याच्या शेजारी समीक्षकाऐवजी एखादी परिचारिका किंवा बसचालक बसलेला असे. तिकीट स्थानिक चलनात आणि नाममात्र किमतीचे असे. अगदी या शतकातही कितीतरी वर्षे ते दोन पेसो होते, जेव्हा एका डॉलरला चोवीस-पंचवीस पेसो पडत. अनेकजण वर्षाची रजा या दिवसांसाठी राखून ठेवत. दहा दिवसांत पंचवीस-तीस चित्रपट पाहणारा माणूस क्युबात तज्ज्ञ समजला जात नाही, तो नुसता शेजारी असतो.

असा प्रेक्षक आपोआप तयार होत नाही. सिनेमातेका, म्हणजे इकाइकचा चित्रपटसंग्रह, १९६०पासून वर्षभर जुने चित्रपट दाखवत होता. दूरचित्रवाणीवर चित्रपटांची ओळख करून देणारे कार्यक्रम होते. त्याच वर्षापासून निघणारे संस्थेचे नियतकालिक होते. महोत्सवाने या सगळ्या शिकवणीला दरवर्षी एक परीक्षा आणि एक जत्रा दिली.

शाळा

महोत्सवातून निघालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट महोत्सवात दिसत नाही, ती हवानापासून काही मैलांवर सान आंतोनियो दे लोस बान्योस येथे आहे. डिसेंबरच्या भेटींतून १९८५ मध्ये ‘नव्या लॅटिन अमेरिकन चित्रपटाचे प्रतिष्ठान’ स्थापन झाले आणि गार्सिया मार्केस त्याचे अध्यक्ष झाले. या प्रतिष्ठानाने १५ डिसेंबर १९८६ रोजी आंतरराष्ट्रीय चित्रपट आणि दूरचित्रवाणी शाळा उघडली. पहिले संचालक अर्जेंटिनाचे फेर्नांदो बिरी होते. अर्जेंटिनातल्या सांता फे येथे १९५०च्या दशकात त्यांनी विद्यार्थ्यांना हातात कॅमेरा देऊन रेल्वेपुलाखालच्या वस्तीत पाठवले होते, आणि काम करत शिकण्याची तीच पद्धत त्यांनी इथे आणली. लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशिया अशा तिन्ही जगांसाठी ही शाळा आहे, असे तिचे घोषवाक्यच होते. शिकवणारे बहुधा कायम नोकरीतले प्राध्यापक नसत; चालू कामातून सुट्टी काढून आलेले दिग्दर्शक, छायाचित्रकार, संकलक काही आठवड्यांसाठी येत आणि परत जात. गार्सिया मार्केस स्वतः पटकथेची कार्यशाळा घेत. कादंबरीकाराने एखाद्याच्या मनातली गोष्ट मध्येच तोडून ‘पण मग त्या बाईचे काय झाले?’ असे विचारावे, या प्रकारची ती शिकवणी होती.

क्युबाच्या चित्रपटाला या शाळेचा लाभ दोन मार्गांनी झाला. एक तर स्थानिक तरुणांना इकाइकच्या नोकरीची पायरी न चढताही दिग्दर्शनाचे शिक्षण मिळू लागले. दुसरे म्हणजे त्यांचे वर्गमित्र परदेशी असल्याने पुढे सहनिर्मितीचे धागे तयारच असत. याच शाळेतून शिकलेल्या आलेहांद्रो ब्रुगेस यांनी २०११ मध्ये हवानात मेलेली माणसे उठून चालू लागतात असा विनोदी भयपट स्पेनबरोबर केला, ज्यात सरकारी बातम्या या प्रेतांना अमेरिकेने पाठवलेले फितूर ठरवतात. महत्त्वाचे हे की असा चित्रपट महोत्सवात अधिकृतपणे लागला आणि सभागृह हसले.

डिसेंबर १९९३

या प्रकरणाचा कस लागला तो १९९०च्या दशकात. सोव्हिएत संघ कोसळल्यावर क्युबाची अर्थव्यवस्था १९९० ते १९९३ या काळात सुमारे एक तृतीयांशाने आक्रसली. दिवसातून अनेक तास वीज नसे, पेट्रोल नव्हते, लोक सायकलवरून कामाला जात. कच्ची फिल्म आणि रसायने आणायला परकीय चलन नव्हते. त्यातच १९९१ मध्ये दानिएल दियास तोरेस यांचा एक उपहासात्मक चित्रपट, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात गाजून आल्यानंतर, हवानात चार दिवसांत उतरवला गेला आणि इकाइक सरकारी दूरचित्रवाणीत विलीन करण्याची घोषणा झाली. दिग्दर्शकांनी एकत्र येऊन विरोध केला. विलीनीकरण टळले, गार्सिया एस्पिनोसा यांनी प्रमुखपद सोडले आणि पॅरिसला युनेस्कोत असलेले आल्फ्रेडो गेवारा परत आले. संस्था वाचली खरी. पण पैसे तिच्याकडे नव्हते आणि वरून तिच्यावरचा विश्वासही पातळ झाला होता.

अशा वेळी १९९३चा महोत्सव भरला आणि त्यात आलेया यांचा ‘फ्रेसा इ चोकोलाते’, म्हणजे ‘स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट’, लागला. आलेया आजारी असल्याने हुआन कार्लोस ताबिओ यांनी सहदिग्दर्शन केले होते, आणि पैसा क्युबा, मेक्सिको व स्पेन अशा तीन देशांतून उभा राहिला होता. सेनेल पास यांच्या कथेवरचा हा चित्रपट एका समलिंगी कलाप्रेमीची आणि एका पक्षनिष्ठ विद्यार्थ्याची मैत्री सांगतो. ओळख होते ती याराच्या समोरच्या त्याच कोपेलियाच्या बागेत. ज्या देशाने १९६०च्या दशकात समलिंगी पुरुषांना सक्तीच्या श्रमछावण्यांत पाठवले होते, तिथे हा विषय सरकारी संस्थेच्या चित्रपटात, सरकारी महोत्सवात, सामान्य माणसांच्या गर्दीसमोर आला. मुख्य कोराल त्याला मिळाला. पुढे फेब्रुवारी १९९४ मध्ये बर्लिनला परीक्षकांचा विशेष रौप्य अस्वल पुरस्कार आणि त्यानंतर ऑस्करचे नामांकन आले. हवानात तो महिनोन्‌महिने चालला.

इथे महोत्सवाने नेमके काय केले, हे नीट वेगळे काढले पाहिजे. चित्रपट इकाइकने केला होता आणि महोत्सव नसता तरी तो झाला असता. महोत्सवाने त्याला जो पहिला खेळ दिला, त्यात परदेशी पत्रकार, वितरक, शेजारी देशांचे दिग्दर्शक आणि चौदा वर्षांच्या सरावाने तयार झालेला स्थानिक प्रेक्षक एकाच अंधारात बसले होते. इतक्या साक्षीदारांसमोर टाळ्या मिळवलेला चित्रपट चार दिवसांत उतरवणे १९९१ इतके सोपे राहत नाही. तरीही त्या संरक्षणाला हद्द होती : क्युबाच्या दूरचित्रवाणीवर तो चित्रपट येण्यासाठी २००७ साल उजाडावे लागले. चित्रपटगृहात शहरी माणूस जे पाहू शकत होता, ते घरात बसलेल्या साऱ्या देशाला दाखवायला चौदा वर्षे लागली.

यजमान आणि रखवालदार

हवानाचे मूळ दुखणे याच ठिकाणी आहे. महोत्सव इकाइक भरवते, चित्रपटगृहांत काय लागावे हेही दीर्घकाळ तीच ठरवत आली. यजमान आणि रखवालदार एकच असल्यावर पाहुण्याला आत घेणे जितके सोपे, तितकेच त्याला दारात थांबवणेही सोपे. कार्लोस लेचुगा यांचा ‘सांता इ आंद्रेस’ २०१६ मध्ये टोरंटोच्या महोत्सवात दाखवला गेला, पण त्याच डिसेंबरात हवानाच्या यादीतून तो वगळला गेला. १९८०च्या दशकात नजरकैदेत ठेवलेल्या एका समलिंगी लेखकाची आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या शेतकरी बाईची ही गोष्ट आहे, म्हणजे १९९३च्या चित्रपटाच्या अगदी शेजारचा विषय. फरक असा की इथे दोष एखाद्या कडव्या विद्यार्थ्याच्या माथी मारून मोकळे होता येत नाही. पाळत ठेवणारी व्यवस्थाच गोष्टीत उभी आहे. आणि हा चित्रपट इकाइकने केलेला नव्हता.

डिजिटल कॅमेऱ्यांनंतर संस्थेबाहेर चित्रपट करणारी पिढी वाढली. सुरुवातीला तिच्या निर्मितीला कायद्यात नावच नव्हते. २०१३ पासून दिग्दर्शकांनी चित्रपटविषयक कायद्यासाठी बैठका घेतल्या. २०१९ मध्ये सरकारने काढलेल्या अध्यादेशाने स्वतंत्र निर्मात्यांची नोंदणी आणि क्युबन चित्रपटासाठीचा निधी या गोष्टी मान्य केल्या. मागणी कायद्याची होती, मिळाला तो अध्यादेश, आणि नोंदणी म्हणजे मान्यता की नियंत्रण हा वाद राहिलाच. जून २०२३ मध्ये एक माहितीपट त्याच्या दिग्दर्शकाच्या संमतीविना सरकारी दूरचित्रवाणीवर दाखवला गेला, तेव्हा चित्रपटकर्मींची सभा पुन्हा उभी राहिली. या सभेतल्या अनेकांचे पहिले काम महोत्सवाच्याच पडद्यावर लागलेले आहे. त्यांना बोलायला शिकवणाऱ्यांमध्ये महोत्सवाचाही वाटा आहे, हे महोत्सव चालवणाऱ्यांना नाकारता येणार नाही.

प्रेक्षकही आता फक्त डिसेंबरवर अवलंबून नाही. २०१०च्या आसपासपासून दर आठवड्याला सुमारे एक टेराबाइट मालिका, चित्रपट आणि कार्यक्रम हार्ड डिस्कवरून घरोघर पोचवणारे ‘पाकेते’ सुरू झाले. खासगी घरांतून चालणारी त्रिमिती चित्रपटगृहे नोव्हेंबर २०१३ मध्ये सरकारने बंद केली, पण पाकेते चालूच राहिले. दुसरीकडे चित्रपटगृहांची पडझड वाढत गेली. कापितोलियो या संसदभवनासमोरचे पायरेत हे भव्य चित्रपटगृह वर्षानुवर्षे बंद पडून आहे. पाकेत्यात कोरियन मालिका असते, हॉलिवूडचा कालचा चित्रपट असतो. पराग्वेचा पहिलावहिला चित्रपट त्यात क्वचितच सापडेल, आणि सापडला तरी तो पाहून झाल्यावर रांगेत शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाशी भांडता येणार नाही.

करोनाच्या साथीत ४२ वा महोत्सव २०२० आणि २०२१ अशा दोन डिसेंबरांत विभागून घ्यावा लागला. त्यानंतर वीजटंचाई आणि स्थलांतर या दोन्हींनी प्रेक्षक कमी केला. गेल्या काही वर्षांत देश सोडून गेलेल्या लाखो लोकांत महोत्सवाने घडवलेली माणसेही आहेत. ४ डिसेंबर २०२४च्या पहाटे मातान्सास येथील वीजकेंद्र बंद पडले आणि साऱ्या देशाचे वीजजाळे कोसळले. ४५ वा महोत्सव दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. तो भरला, आणि त्या दिवसांत हवानात चित्रपट बघायला निघालेला माणूस कोणता चित्रपट आहे हे विचारण्याआधी त्या भागात वीज आहे का, हे विचारत होता.